मक्याच्या दिवसांत व्याह्यांकडे

व्याह्यांच्या घरी मुक्काम करायची आमच्याकडे रीत नाही. सकाळी जावं, जेवावं, विहिणीने ओटी भरली की दिवेलागणीच्या आत आपल्या घराची वाट धरावी. माझी आई माझ्या सासरी एक रात्रसुद्धा राहिली नाही आणि माझी सासू माझ्या माहेरी चहापोह्यांच्या पलीकडे गेली नाही. त्यामुळे 2024 च्या ऑक्टोबरात मी बॅगा भरून विहीणबाईंकडे राहायला निघाले, तेव्हा नणंदेने फोनवर विचारलंच, “वहिनी, मानपानाचं काय ठरलंय?” काहीच ठरलं नव्हतं. विहीणबाईंना मराठी येत नाही, मला चिनी येत नाही, आणि त्यांचं गाव बेइजिंगच्या दक्षिणेला, हेबेई प्रांतात, बाओदिंग शहराच्या पुढे तासाभरावर.

मुलगा नोकरीसाठी शांघायला गेला आणि तिथेच त्याने लग्न ठरवलं. नोंदणी झाली तेव्हा करोनामुळे चीनची दारं बंद होती. इकडे डोंबिवलीत आम्ही, तिकडे हेबेईत ते, असे चौघे आईबाप पडद्यावर हजर. फोन टीव्हीला जोडलेला होता म्हणून मी अक्षता टीव्हीवर टाकल्या, आणि पुढे कितीतरी दिवस सोफ्याच्या फटीतून तांदूळ निघत राहिले. तीन-चार वर्षं विहीणबाईंना मी फक्त खांद्यापासून वर पाहत आले होते. प्रत्यक्षात त्या चांगल्या उंच निघाल्या. मी त्यांच्या खांद्याला लागते.

1 ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. त्याला जोडून आठवड्याची सुट्टी असते आणि अख्खा देश प्रवासाला निघतो. मुलाला आणि सुनेला तेव्हाच सवड होती, म्हणून आम्हीही तेव्हाच गेलो. बेइजिंग पश्चिम स्टेशनवरून सुटलेली वेगवान गाडी तासाच्या आत बाओदिंग पूर्वला सोडते. पुढे व्याह्यांचा भाचा मोटार घेऊन आला होता. जमीन सपाट, इतकी की कोकणातल्या माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. नजर टेकवायला डोंगर नाही. कडेला सरळसोट पॉपलरची झाडं, आणि रस्त्यावर मका. अगदी रस्त्यावर: डांबराची एक बाजू दाण्यांनी झाकलेली, कडेला विटा लावून अडवलेली, आणि मोटारी उरलेल्या अर्ध्यातून निमूट चाललेल्या. तसं करायला मनाई आहे म्हणे. मनाई आहे आणि सगळे करतात, हे कळल्यावर मला जरा घरच्यासारखं वाटलं.

घरांची तोंडं गल्लीकडे नसतात. गल्लीत दिसतात त्या उंच भिंती, त्यांवरून गेलेले गॅसचे पिवळे पाइप, आणि लाल रंगाची मोठी लोखंडी दारं. दारातून आत गेलं की समोर पुन्हा भिंत, तिच्यावर फरश्यांतून काढलेलं डोंगर-पाइनचं भलंमोठं चित्र. बाहेरच्याची नजर थेट अंगणात पोचू नये म्हणून. तिला वळसा घातला की अंगण, आणि अंगणात पुन्हा मका. सोललेला, न सोललेला, जाळीच्या उंच गोल कणग्यांत भरलेला, धाब्यावर पसरलेला. घरांची छपरं सपाट असतात ती यासाठीच. आम्हाला घ्यायला सगळे दाराशी आले, तेव्हा व्याह्यांच्या केसांत कणसाचे केस अडकलेले होते आणि ते कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

पाहुणा आला की नूडल्स आणि निघाला की डंपलिंग, असा उत्तरेकडचा रिवाज. नूडल्स लांब असतात, त्यात पाहुण्याचा पाय अडकावा म्हणतात. विहीणबाईंनी हातभर लांबीच्या लाटण्याने कणकेची पोळी लाटली, ती टेबलावरून खाली लोंबायला लागली, मग घडी घालून सुरीने कापली. वर टोमॅटो-अंड्याचं कालवण. निघायच्या सकाळी डंपलिंग झाले तेव्हा मला हात आखडून बसवेना. लसणीच्या पातीसारखी एक पाती आणि अंडं, असं सारण होतं. मला एकच विद्या येते, ती मी लावली: करंजीची मुरड. विहीणबाईंनी माझं पहिलं डंपलिंग उचलून उजेडात धरलं, घरातल्या सगळ्यांना दाखवलं, फोटो काढून नातेवाइकांच्या गटात टाकला, आणि मग शांतपणे त्याची कड चिमटीने पुन्हा दाबून घेतली. विहीण ती विहीणच.

परदेशी माणूस हॉटेल सोडून कुणाच्या घरी उतरला तर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करायची, हा तिथला कायदा. म्हणून आल्या संध्याकाळीच आमची वरात ठाण्यावर. तिथला पोरगेला शिपाई आमचे पासपोर्ट उलटसुलट करून पाहत होता. नातं काय, हा रकाना आला. सुनेने सांगायच्या आत विहीणबाईंनीच खणखणीत आवाजात उत्तर दिलं. शिपाई उठून उभा राहिला आणि त्याने आमच्या ह्यांच्याशी हात मिळवला. मुलाकडच्यांना मान द्यायचा असतो, एवढं त्यालाही ठाऊक असावं. नणंदेला मी तिथूनच मेसेज केला की मानपान झाला, सरकारी झाला.

दिवस उजाडतो तो कर्ण्याने. गावसमितीच्या कचेरीजवळच्या खांबावर लाउडस्पीकर आहेत आणि सहाच्या सुमाराला त्यातून कोणीतरी खाकरतं. मग सूचना. मक्याची ताटं शेतात जाळू नका, धूर दिसला तर दंड होईल. पुढच्या वर्षीच्या आरोग्य विम्याचे माणशी 400 युआन भरायचे आहेत, उशीर करू नका. टोफूवाला चौकात आला आहे. सून शेजारच्या खोलीतून अर्धवट झोपेत एकेक ओळ मराठीत सांगायची. तिचं मराठी माझ्या मुलाकडून शिकलेलं, त्यामुळे त्यात ‘च्यायला’ चुकीच्या जागी येतं. “आई, च्यायला टोफू आला.”

400 युआन म्हणजे तेव्हाचे आपले साधारण पावणेपाच हजार रुपये. हा आकडा गल्लीत दिवसभर फिरत होता. शहरातल्या नोकरदाराला तो किरकोळ, पण शेतकऱ्याचं म्हातारपणीचं सरकारी पेन्शन तेव्हा महिन्याला शे-दीडशे युआनच्या घरात होतं. आजींनी, म्हणजे व्याह्यांच्या आईने, हिशेब बोटांवर मांडून दाखवला: तीन महिन्यांचं पेन्शन विम्यात. आजींचा जन्म जपानशी युद्ध पेटलं त्या सुमाराचा. तरुणपणी त्या कम्यूनच्या सामाईक शेतात गुणांवर राबल्या. दिवसाच्या कामाचे गुण वहीत मांडायचे आणि वर्षाअखेर त्यांवरून धान्य. पुरुषाला पुऱ्या दिवसाचे दहा, बाईला सात नाहीतर आठ. “काम तेवढंच?” मी विचारलं. आजींनी उत्तर दिलं नाही, नुसतं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. त्यांच्या खोलीत अजून कांग आहे, विटांचा ओटा, पोटातून धुराची वाट गेलेली. चुलीत जाळ केला की ओटा तापतो आणि त्यावरच झोपायचं. हवा सुधारावी म्हणून 2017 पासून हेबेईतल्या खेड्यांतला कोळसा बंद करत आणला, गॅस दिला, ते भिंतींवरचे पिवळे पाइप त्याचेच. पण गॅसचं बिल येतं आणि मक्याच्या बुरकुंड्या फुकट असतात. आजी थंडीत गॅसचं बटण कमी करून ठेवतात आणि आमची सून आली की वाढवतात, हे मला आजींनीच हळू आवाजात दाखवून दिलं. सुनेला सांगू नको, अशी खूणही केली. मी सांगितलं नाही. हा लेख तिला वाचता येत नाही अजून.

शेतीचं सांगते, कारण तिथे माझं डोकं खरं गुंतलं. व्याह्यांकडे सहा मू जमीन आहे. एक मू म्हणजे आपले साडेसहा गुंठे, तेव्हा सगळी मिळून एक एकर. तेवढ्यात जूनमध्ये गहू निघतो, लगेच मका पडतो, सप्टेंबरअखेर मका निघतो, लगेच गहू पडतो. जमीन मोकळी राहते ती फार तर आठवडाभर, आणि आम्ही गेलो तो नेमका तो आठवडा. मका काढायला भाड्याचं यंत्र येतं आणि डोळ्यांदेखत काम उरकून जातं. यंत्राला न सापडलेल्या कडेच्या ओळी हाताने मोडायच्या. गव्हाला पाणी बोअरचं. पंपाशी एक डबा आहे, त्यावर कार्ड टेकवायचं, पंप चालू. किती वीज खर्च झाली ते कार्डातून वजा. या मैदानाच्या पोटातलं पाणी वर्षानुवर्षं खोल खोल चाललंय, म्हणून हा हिशेब. गंमत अशी की दक्षिणेतलं पाणी बेइजिंगला नेणारा मोठा कालवा, 2014 च्या डिसेंबरात सुरू झालेला, याच भागातून जातो. दोन्ही बाजूंना कुंपण, मधून पाणी नीट शिस्तीत उत्तरेला. व्याही मोटारीतून त्याच्याकडे बोट दाखवून नुसतं हसले.

गव्हाचं पीक मूला हजार जिन येतं, असं ते म्हणाले. जिन म्हणजे अर्धा किलो. आमच्या ह्यांनी खिशातून पेन काढून एकरी तीस क्विंटल असा आकडा काढला आणि थोडा वेळ कोणाशी बोलले नाहीत.

या जमिनीला मालक नाही. म्हणजे ती गावाची आहे. कुटुंबाला तीस वर्षांच्या कराराने कसायला दिलेली, वाटणी झाली तेव्हा घरात जितकी तोंडं होती तितक्या हिश्शांनी. आमच्या सुनेचा हिस्सा त्यात आहे. भाड्याने देता येते, विकता येत नाही. शेतसारा 2006 पासून माफ. मी त्यांना आमचा सातबारा समजावून सांगायचा प्रयत्न केला. वारसांची नावं चढत चढत सतरा झालेली आहेत, त्यातले तिघे हयात नाहीत आणि एक कुठे असतो ते कोणालाच ठाऊक नाही, हे ऐकून व्याही सुनेला म्हणाले, तू नीट भाषांतर करत नाहीयेस.

संध्याकाळी अंगणात कणसं सोलायला आसपासची माणसं येऊन बसतात. घडीची बुटकी स्टुलं आपापल्या घरून आणायची. चौथ्याच्या घरचा ढीग संपला की पाचव्याच्या अंगणात. मी सोलता सोलता माणसं न्याहाळत होते, आणि सगळी माझ्या वयाची किंवा माझ्याहून मोठी. पासष्ट, सत्तर, अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या मांडीशी दोन-तीन पोरं, पाच वर्षांच्या आतली. मधलं वय गायब. सुट्टीला म्हणून आलेले तरुण होते, पण ते ओळखू यायचे: कणसाला हात लावायच्या आधी बाही दुमडणारे. शाळकरी मुलंही कमी. गावची शाळा बंद झालीय. 2001 नंतरच्या दहा-बारा वर्षांत चीनमध्ये लहान शाळा मिटवून मोठ्या शाळांत मिसळल्या, तेव्हाची ही. आता मुलं बाजारगावच्या शाळेत राहतात आणि शुक्रवारी येतात. जुन्या शाळेच्या पटांगणात निळी-पिवळी व्यायामाची उपकरणं आहेत आणि रात्री बायका तिथे गाण्यावर नाचतात. मलाही ओढून नेलं. एका हाताने पंखा उघडायचा आणि दुसऱ्या पायाने मागे जायचं, हे मला जमत नाही.

सुनेला धाकटा भाऊ आहे. एक मूल धोरणाच्या काळातसुद्धा हेबेईच्या खेड्यांत पहिली मुलगी झाली तर काही वर्षांनी दुसऱ्या अपत्याला परवानगी मिळायची, त्यातला हा. तिआनजिन शहरात गोदामात कामाला आहे. अंगणाच्या पूर्वेला दोन खोल्या त्याच्यासाठी बांधल्यात. विहीणबाईंनी कुलूप काढून दाखवल्या. मोठा पलंग, गादीवरचं प्लास्टिक अजून तसंच, कपाट, एसी, भिंतीवर टीव्ही. सगळं पुसून लख्ख. तो इथे वर्षातून किती राहतो? नव्या वर्षाला काही दिवस, आणि हा आठवडा. लग्नाच्या मुली आता गावात घर आहे का विचारत नाहीत, तालुक्याला फ्लॅट आहे का विचारतात. तेव्हा फ्लॅटसाठीही पैसे साठताहेत, या खोल्या बांधून झाल्यावर. गल्लीच्या टोकाला भिंतीवर कमी मुलं जन्माला घाला असं सांगणारी जुनी घोषणा पुसट झालीय. 2021 पासून तीन मुलांना परवानगी आहे. ज्यांनी ती जन्माला घालायची ते सगळे तिआनजिनला.

त्या खोलीत मला आमचं गावचं घर दिसलं. तेही आम्ही विट्रीफाइड लाद्या घालून, संडास आत घेऊन, माळ्याला रंग देऊन लखलखीत केलंय, आणि गणपतीचे दिवस सोडले तर त्याला कुलूप आहे. माझे सासरे गिरणीत होते. लालबागला एका खोलीत आठ-दहा गाववाले पाळीपाळीने झोपायचे, बायका गावी, आणि महिन्याला मनीऑर्डर. 1982 च्या संपानंतर ते परत आले ते मुलांना मुंबईतच चिकटवून. कोकणाला चाकरमान्यांच्या जोरावर जगायची सवय पिढ्यांची आहे. हेबेईच्या या गावाला ती नवी आहे, पण त्यांनी ती फार मन लावून उचललीय. गावात जे काही होतं ते इथे नसलेल्या माणसांसाठी होतं. मका विकून फ्लॅट. खोल्या मुलासाठी. फ्रीझर भरलेला, कारण पोरं येतील तेव्हा त्यांना घरचं डुकराचं मांस, घरचं पीठ, घरच्या शेंगा बांधून द्यायच्या. नातू सांभाळायचा, कारण त्याच्या आईबापांची पाळी रात्रीची. आणि शहर या पोरांना पुरतं आपलं म्हणत नाही. 1958 पासून चालत आलेली नोंदणीची पद्धत आहे, हुकौ; जन्मगावाचा शिक्का कागदावर राहतो, आणि मोठ्या शहरांत मुलांची शाळा, सवलती बऱ्याच त्या कागदावर ठरतात. सासऱ्यांना निदान मुंबईने रेशनकार्ड दिलं होतं.

एक फरक मात्र डोळ्यांत खुपला. आमच्याकडे माणूस गेला की जमीन पडते. रान माजतं, गडगे ढासळतात. इथे माणूस गेला आणि जमीन तसूभर पडलेली नाही. म्हातारे करतात. जमत नाही ते यंत्र करतं, यंत्राला पैसे शहरातून येतात. विहीणबाई बासष्टच्या आहेत आणि सकाळी सहाला हातमोजे घालून शेतात असतात. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला; राग नक्की कोणाचा ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्वपित्री होती. आमच्याकडे त्या दिवशी पान वाढायचं चुकवत नाहीत, आणि ह्यांनी विमानातच विचारलं होतं, “तिकडे कावळे असतत?” गावात तांदूळ रोजच्या खाण्यातले नाहीत, पण दुकानातून आणून दिले. डाळ मी डोंबिवलीहून नेली होती. वरणभात, भोपळ्याची भाजी, आणि नूडल्ससाठी मळलेल्या कणकेचे चार वडे. धाब्यावर मका बाजूला सारून पान ठेवलं. कावळा काही नाही. पॉपलरवरून काळे-पांढरे, लांब शेपटीचे दोन पक्षी उतरले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वड्यापासून सुरुवात केली. ते तिथे शुभ मानतात. हे म्हणाले, “आई कोणाकडूनही जेवायची.”

विहीणबाई शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. सुनेने त्यांना सांगितलं काय चाललंय. त्यांनी एकच प्रश्न विचारला: सासूबाईंना काय आवडायचं? मग म्हणाल्या, आमच्याकडे दहाव्या चांद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी कागदाचे कपडे जाळतात, थंडी सुरू होते म्हणून, गेलेल्यांना ऊब हवी. आणि धाब्याच्या कडेला येऊन त्यांनी शेताकडे हात केला. मका उभा असताना न दिसणाऱ्या मातीच्या ढिगाऱ्या आता उघड्या पडल्या होत्या, शेतांच्या मधोमध, गवत उगवलेल्या. एक त्यांच्या सासऱ्यांची. कापणीचं यंत्र प्रत्येकीला वळसा घालून गेल्याच्या खुणा वरून स्पष्ट दिसत होत्या.

बाजार पाच दिवसांनी भरतो, चांद्र तिथीवर. आम्ही दोघी विजेच्या तीनचाकीवरून गेलो. त्या पुढे, मी मागच्या हौद्यात स्टुलावर, डोक्याला त्यांचा रुमाल. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या अशीच गाडी हाकतात, परवाना वगैरे भानगडी कोणी विचारत नाही. बाजारात पर्सिमॉनचे ढीग, हे फळ टोमॅटोच्या रंगाचं आणि चिकूच्या गोडीचं. रताळी, तिळाचं ताजं तेल, लोकरी चड्ड्या, आणि बाओदिंगची खासियत, कडक भाजलेल्या पोळीत भरलेलं गाढवाचं मटण. हे मी खाल्लं नाही. ह्यांनी खाल्लं, आणि नणंदेला कळू नये अशी त्यांची इच्छा आहे. पर्सिमॉन विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या गळ्यात क्यूआर कोडाची पाटी होती. मी नोट काढली तर त्याने ती उजेडाकडे धरून पाहिली आणि सुट्टे नाहीत म्हणून शेजारणीकडे गेला, शेजारीण तिच्या शेजारणीकडे. शेवटी विहीणबाईंनी फोन पुढे केला. कुठेही मला एक युआन खर्च करू दिला नाही त्यांनी. मी त्यांना आणलेली इरकल साडी मात्र त्यांनी घडी न मोडता मुलाच्या खोलीतल्या कपाटात, प्लास्टिकखाली ठेवली.

‘इंदू’, म्हणजे भारतातले पाहुणे आलेत, हे बाजारभर झालं. एका आजोबांनी अंगठा वर करून काहीतरी म्हटलं. त्यातला ‘के दाइफू’ मला उमजला, कारण आमच्या आजींनीही पहिल्या दिवशी तेच म्हटलं होतं. के डॉक्टर. आपले द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे, जन्म 1910. 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला आले. त्यांच्यासोबतचे चोळकर नागपूरचे. पथकातले काहीजण परतले, कोटणीस राहिले. 1941 मध्ये, कॅनडाहून आलेल्या डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याच वर्षी त्यांनी परिचारिका शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी, इथूनच तास-दीड तासावरच्या तांग तालुक्यात त्यांचा अंत झाला. तिथे बेथ्यून आणि कोटणीसांचं स्मारक आहे, तिथे आम्ही गेलो. मी शाळेत त्यांच्याबद्दल वाचलं होतं ते डॉक्टर म्हणून, हुतात्मा म्हणून. त्या दिवशी मला त्यांची सोलापूरची आई आठवत राहिली, जिला मी कधी पाहिलेलं नाही. तिला सुनेचा नुसता फोटो आला असेल का? पत्र किती महिन्यांनी? नातू झाला ते कधी कळलं, आणि मुलगा गेला ते? आमच्या आधी साधारण ऐंशी वर्षं एक मराठी घर चिन्यांचं व्याही झालं होतं, आणि त्यांच्याकडे टीव्हीवर अक्षता टाकायचीही सोय नव्हती.

परत येताना सून गाडीत झोपली. मी आणि विहीणबाई मागच्या सीटवर, मध्ये फोन, भाषांतराचं बटण दाबून. बटण आमचं बोलणं जरा सरकारी करून सांगतं. त्यांनी विचारलं, तुमच्या गावात किती मू? बावीस गुंठे मळ्याची जमीन आहे, मी सव्वातीन मू असं सांगितलं. काय पेरता? काही नाही. त्यांना वाटलं फोन चुकला. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, पडून आहे. का? मी एकेक कारण सांगू लागले: करणारं कोणी नाही, मजुरी परवडत नाही, सतरा नावं, रानडुकरं, आणि वानर तर नारळसुद्धा ठेवत नाहीत. फोनने यातलं काय पोचवलं देव जाणे. वानर मात्र बिनचूक पोचले.

घरी पोचेपर्यंत त्यांनी तीन जणींना फोन केले. कणसं सोलायला जमलेल्या मंडळींत त्या रात्री दुसरा विषय नव्हता. सव्वातीन मू, पाणी आहे, वर्षभर ऊन आहे, आणि माकडं शेती करू देत नाहीत! एका बाईने विचारलं, माकडं सरकारी असतात का. दुसरीने सुचवलं की फटाके लावा. मी म्हटलं लावतो, त्यांना सवय झालीय. त्यावर सगळे खूप हसले आणि मला एक भाजलेलं कणीस जास्तीचं मिळालं.

व्याही हसले नाहीत. ते कणसं सोलत राहिले, मध्येच उठून आत गेले, आणि थोड्या वेळाने ह्यांच्या फोनवर एक चित्र आलं: निळी नायलॉनची जाळी, पिकावर टाकायची, मूच्या हिशेबाने भाव, घरपोच फुकट. भारतातला पत्ता त्या दुकानाला चालेना, तेव्हा त्यांनी ती सरळ शांघायला जावयाच्या पत्त्यावर मागवली. दोन दिवसांत पोचलीसुद्धा. सव्वातीन मूची जाळी अठरा किलो भरली आहे. मुलाला विमानात तेवीस किलो सामान चालतं, आणि उरलेल्या पाच किलोंत गणपतीला यायचे कपडे कोणाचे बसवायचे यावरून त्या दोघांचं अजून भांडण चालू आहे.